जेलब्रेक केलेला पीएस३ अपडेट मागतोय, करू का? – जरा सविस्तर सांगतो

प्रश्न थोडक्यात असा होता: "दादा, लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड पीएस३ (प्लेस्टेशन ३) स्लिम घेतला, जेलब्रेक केलेला आहे, मागच्या स्टिकरवर २५०१ए लिहिलंय, सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये ४.८४ दाखवतोय. पीएसएनला (सोनीच्या ऑनलाइन सेवेला) साइन-इन करायला गेलो की सिस्टीम अपडेट करा म्हणतो. विकणारा म्हणाला आयुष्यात कधी अपडेट करू नको. मित्र म्हणतो बिनधास्त कर, नंतर परत जेलब्रेक होतं. नक्की काय करू?"

हे बघ, विकणारा आणि मित्र दोघंही अर्धं बरोबर सांगतायत आणि अर्धवट सल्ल्यावरच कन्सोल मरतात. अपडेट करू का हा प्रश्न नंतरचा, पहिला प्रश्न असा की तुझ्या मशीनवर नक्की कसलं जेलब्रेक, म्हणजे सोनीचं कुलूप तोडून केलेला बदल, आहे. पीएस३ मध्ये दोन पूर्ण वेगळ्या गोष्टींना सगळे सरसकट जेलब्रेक म्हणतात, एक सीएफडब्ल्यू म्हणजे खरं कस्टम फर्मवेअर (फर्मवेअर म्हणजे मशीनचं मूळ सॉफ्टवेअर), आणि दुसरं हेन, म्हणजे मशीन चालू असेपर्यंतच टिकणारं तात्पुरतं जेलब्रेक. दोन्हीवर मल्टीमॅन (गेम उघडायचं ॲप) चालतं, वेबमॅन (मागे चालू राहणारं प्लगइन) चालतं, दिसायला सगळं सारखंच, पण अपडेटच्या वेळी दोघांचे रस्ते एकदम वेगळे होतात. आणि तुझा नंबर नेमका २५०१ निघालाय, जिथे हे दोन्ही असू शकतं, म्हणून मी हे एवढं लांबण लावतोय.

आधी हा फरक कुठून आला ते सांगतो, म्हणजे पुढचं सगळं आपोआप लक्षात येईल. पीएस३ २००६ च्या नोव्हेंबरात आला तेव्हा त्यावर अधिकृतपणे लिनक्स टाकता यायचं, अदरओएस म्हणायचे त्याला. १ एप्रिल २०१० ला सोनीने ३.२१ अपडेटमधून ते काढून टाकलं. (अमेरिकेच्या हवाई दलाने सतराशेच्या वर पीएस३ जोडून काँडर नावाचा सुपरकॉम्प्युटर बनवला होता, त्यांनी ते अपडेट घेतलं असतं तर सगळं लिनक्स गेलं असतं, म्हणजे अपडेट नको म्हणणारे आपण पहिले नाही.) त्यानंतर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बर्लिनच्या २७सी३ परिषदेत फेलओव्हरफ्लो नावाच्या टीमने दाखवून दिलं की सोनीने डिजिटल सही करताना जो आकडा दर वेळी नवा आणि रँडम घ्यायला हवा तो प्रत्येक सहीला तोच वापरलाय. त्या एका चुकीवरून सोनीची प्रायव्हेट की, म्हणजे सही करायची गुप्त चावी, गणित करून काढता आली. म्हणजे कोणीही स्वतःचं फर्मवेअर बनवून त्यावर सोनीसारखीच सही मारू शकत होतं. पुढे जानेवारी २०११ मध्ये जिओहॉट नावाच्या हॅकरने मेटलोडरची (मशीन चालू होताना पुढचं फर्मवेअर तपासून उघडणारा भाग) की बाहेर काढली, सोनीने त्याच्यावर केस टाकली, एप्रिलमध्ये ती मिटली, तो सगळा तमाशा आठवत असेल बऱ्याच जणांना.

सोनीने लगेच ३.५६ काढलं आणि चाव्या बदलल्या. पण गोची अशी की बूट होताना सगळ्यात आधी जो भाग चालतो, मेटलोडर वगैरे, तो त्या त्या मशीनच्या स्वतःच्या की ने फॅक्टरीत बंद केलेला असतो, तो इंटरनेटवरून अपडेट पाठवून बदलता येत नाही. त्यामुळे जी मशीन फॅक्टरीतून ३.५६ किंवा त्याच्या आधीच्या फर्मवेअरसोबत निघाली ती कायमची मोकळी राहिली, आज त्यावर ४.९२ का असेना. जी त्यानंतर निघाली त्यात आतला मेटलोडरच नवा बसवलेला आहे, त्यावर खरं सीएफडब्ल्यू आजही होत नाही. अशा मशीनसाठी २०१९ मध्ये हेन आलं, ते मशीन चालू असताना ब्राउझरच्या भोकातून, म्हणजे सुरक्षेच्या त्रुटीतून, कर्नलमध्ये (सिस्टीमच्या गाभ्यात) शिरतं, आणि मशीन बंद केली की गेलं. म्हणून प्रत्येक वेळी चालू केल्यावर "एनेबल हेन" दाबावं लागतं.

आता तुझ्या मशीनचं बोलू. सगळे फॅट, म्हणजे सुरुवातीचे जाडे मॉडेल, आणि स्लिममधले २०, २१ ने सुरू होणारे, हे सगळे सीएफडब्ल्यूवाले. ३० ने सुरू होणारे स्लिम आणि ४० आणि त्यापुढचे सगळे सुपरस्लिम, यावर फक्त हेन, कोणी काहीही सांगो. मधले २५ वाले म्हणजे २०१०-११ च्या सांध्यावरचे, त्यातले काही जुन्या मेटलोडरचे आणि काही नव्या. तुझा त्यातलाच. आणि ४.८४ हा आकडाही काही सांगत नाही कारण त्या व्हर्जनवर रीबगसारखं सीएफडब्ल्यू पण होतं आणि हेनही चालायचं.

ओळखायची सोपी पद्धत अशी. मशीन पूर्ण बंद कर, मागचं बटण असेल किंवा वायर, ती काढून मिनिटभर थांब, मग चालू कर आणि काहीही न दाबता मल्टीमॅन उघडून बघ. उघडलं आणि गेम लिस्ट आली तर बहुतेक सीएफडब्ल्यू. उघडलंच नाही, एरर दिला, आणि मेनूत कुठेतरी "एनेबल हेन" असा आयकॉन दिसतोय, तो दाबल्यावर मगच उघडलं, तर हेन. पण इथेच थांबू नकोस, कारण सीएफडब्ल्यू होऊ शकणाऱ्या मशीनवरही दुकानदार आळसाने हेनच टाकून देतात, पाच मिनिटांत होतं ना. म्हणून मिनिमम व्हर्जन चेकर चालव. ही एक छोटी फाईल असते, अपडेटसारखीच पेनड्राइव्हवरून द्यायची, ती काही इन्स्टॉल होत नाही, फक्त या मशीनला कमीत कमी कुठलं फर्मवेअर चालतं तो आकडा दाखवते. ३.५६ किंवा खाली आला तर मशीन सीएफडब्ल्यूची आहे. ३.६० किंवा वर आला तर हेनवर समाधान मानायचं, आणि कोणी "मी यावर सीएफडब्ल्यू टाकून देतो, एवढे दे" म्हणाला तर तिथून निघायचं. २०१७ मध्ये पीएस३एक्सप्लॉइट टीमचा ब्राउझरमधून चालणारा फ्लॅश रायटर (फर्मवेअरच्या चिपवर लिहिणारं टूल) आला तेव्हा लोकांनी मॉडेल न बघता चुकीच्या मशीनवर तो चालवला आणि रांगेने ब्रिक झाले, म्हणजे चालूच होईनात, ते सगळे हार्डवेअर फ्लॅशर (चिपला तारा जोडून लिहिणारं यंत्र) लावूनच परत उठले, जे उठले ते.

मग आता अपडेटची गरज तरी का आहे ते बघू. सोनी अजूनही पीएस३ ला अपडेट देते, ४.९१ आलं २०२४ मध्ये, ४.९२ मार्च २०२५ मध्ये. त्यात नवीन फीचर शून्य. ब्लू-रे सिनेमांच्या डिस्कसाठी ज्या चाव्या लागतात त्या अधूनमधून रिन्यू कराव्या लागतात, आणि वर जमलं तर आपली भोकं बुजवायची, एवढंच. गेम खेळायला यातलं काही लागत नाही. डिस्कवरचे गेम कधीकधी अपडेट मागतात, कारण डिस्कमध्येच त्या काळचं फर्मवेअर भरलेलं असतं, पण पीएस३ चे डिस्कवरचे गेम २०१८ च्या आसपास संपलेच, फिफा १९ हा जवळपास शेवटचाच, त्यामुळे तू ४.८४ वर असशील तर कुठलीही डिस्क टाक, ती तुला अपडेट मागणार नाही. मागत असेल तर आकडा परत नीट बघ, कारण सीएफडब्ल्यूवर व्हर्जन खोटं दाखवायची सोय असते आणि विकणाऱ्याने ती लावलेली असू शकते.

राहिलं पीएसएन. तिथे साइन-इन करायला ताजं व्हर्जनच लागतं, त्याला पर्याय नाही. माझं स्पष्ट मत, जेलब्रेक मशीनवरून पीएसएनला जाऊच नको. बॅन होतो तो नुसत्या अकाउंटवर नाही, मशीनच्या ओळख क्रमांकावर पण होतो, आणि सेकंडहँड मशीन आधीच बॅन असण्याची शक्यताही आहेच. तुझ्या जुन्या अकाउंटवर विकत घेतलेले गेम असतील आणि ते उतरवायचे असतील तर ते कारण मला पटतं, २०२१ मध्ये सोनी हे स्टोअर बंद करायला निघाली होती आणि बोंबाबोंब झाल्यावर मागे हटली, पुढच्या वेळी हटेलच असं नाही. मग तेवढ्यापुरतं, वेबमॅनमधून सिसकॉल (जेलब्रेकचे प्रोग्रॅम ज्यांवर चालतात ते सिस्टीम कॉल) बंद करून, जा, डाउनलोड कर, बाहेर ये. ऑनलाइन मॅच वगैरे खेळायचा नाद नको.

आता समजा तू ठरवलंस की करायचंच, किंवा चार-पाच वर्षं जुनं सीएफडब्ल्यू आहे आणि नवीन घ्यायचंय, तर कसं करायचं.

एक नियम आधी, जो दोन्ही प्रकारांना लागू आहे. सिस्टीम अपडेटमध्ये "इंटरनेटवरून अपडेट" हा पर्याय तुझ्यासाठी नाहीच असं समज. तिथून सोनीचं ओरिजिनल येतं. नेहमी "स्टोरेज मीडियावरून", पेनड्राइव्हने. आणि सेटिंगमध्ये जाऊन ऑटोमॅटिक अपडेट बंद कर, आत्ता, हे वाचता वाचता. घरात लहान भाऊ, पुतण्या कोणी असेल तर वायफाय पण काढून टाक, कारण स्क्रीनवर "अपडेट करा" आलं की पोरं ओके दाबतातच.

आणखी एक गोंधळ होतो तो असा की स्क्रीनवर येणारा प्रत्येक अपडेटचा मेसेज सोनीचा नसतो. हेन चालू करताना ते स्वतःचं नवीन व्हर्जन आहे का बघतं आणि विचारतं, ते हेनचं अपडेट, ते घेतलं तर काही बिघडत नाही. गेम सुरू करताना १.०१, १.०२ असं काही मागतो ते त्या गेमचं पॅच, तेही निरुपद्रवी. ज्यात "सिस्टीम सॉफ्टवेअर" असा शब्द आहे आणि ४.८ किंवा ४.९ असा आकडा आहे तेवढ्यालाच घाबरायचं.

बॅकअप. यावर मी जास्त वेळ घालवणार कारण लोक इथेच शून्य वेळ घालवतात. सेव्ह फाईल पेनड्राइव्हवर कॉपी कर, काही सेव्ह लॉक असतात त्या कॉपी होत नाहीत, त्यासाठी सेटिंगमधली बॅकअप युटिलिटी वापर, पण त्या परत त्याच मशीनवर बसतात. हार्डडिस्क काढून पीसीला लावून कॉपी करू असं डोक्यात असेल तर विसर, प्रत्येक मशीनची डिस्क त्या मशीनच्याच की ने एन्क्रिप्ट असते, पीसीला ती कोरी दिसते आणि वर विंडोज "फॉरमॅट करू का" विचारतो, आणि कोणीतरी हो म्हणतो.

पण खरा बॅकअप म्हणजे फ्लॅशचा डंप, फर्मवेअरच्या चिपची हुबेहूब कॉपी. तुझ्या स्लिममध्ये १६ एमबीची नॉर चिप आहे, अगदी पहिल्या फॅट मॉडेलांत २५६ एमबी नँड असायची. या चिपमध्ये फर्मवेअरचा गाभा तर असतोच, शिवाय तुझ्या एकट्या मशीनच्या चाव्या आणि ओळख असते, जी जगात दुसरीकडे कुठेही नाही. ती गेली की गेली, मित्राच्या २५०१ चा डंप तुझ्या मशीनला चालत नाही. सीएफडब्ल्यूवर असशील तर त्याच्या टूलबॉक्समधून किंवा मल्टीमॅनमधून डंप निघतो, नाहीतर ब्राउझरमध्ये पीएस३ टूलसेट उघडून काढता येतो. फाईलचा आकार बरोबर १,६७,७७,२१६ बाइट आला पाहिजे, एक बाइट कमी नको. दोनदा काढ, दोन्ही फाईल पीसीवर जुळवून बघ, आणि पीएस३ चा डंप तपासणारं प्रोग्रॅम असतं पायथनवर चालणारं, त्यातून एकदा घाल, लाल काही आलं तर पुढे जाऊ नको. मग ती फाईल स्वतःला ईमेल करून ठेव. पेनड्राइव्हवर ठेवली आणि पेनड्राइव्ह पुढच्या महिन्यात कोणाच्या लग्नाचे फोटो आणायला गेला, असं होतं. उद्या मशीन ब्रिक झाली तर माझ्यासारख्याकडे घेऊन येशील तेव्हा मी पहिला प्रश्न हाच विचारणार की डंप आहे का. डंप असेल तर टीन्सी किंवा ई३ फ्लॅशर लावून काम होऊन जातं. नसेल तर मग मशीनच्या पार्टची किंमत सांगतो.

आता हार्डवेअर. २५०१ म्हणजे पंधरा वर्षं झालेली मशीन. हार्डडिस्क ओरिजिनल असेल तर तीही पंधरा वर्षांची. नॉरवाल्या मशीनमध्ये १६ एमबीत सगळं मावत नाही म्हणून फर्मवेअरचा मोठा भाग हार्डडिस्कवर असतो, आणि अपडेट करताना तो सगळा परत लिहिला जातो. डिस्क रडत असेल, गेम लोड होताना अडकतो, टकटक आवाज येतो, तर आधी डिस्क बदल मग अपडेट. आणि इथे अजून एक सापळा आहे जो भल्याभल्यांना माहीत नसतो. नवी हार्डडिस्क टाकून मशीन चालू केली की ती म्हणते अमुक व्हर्जन किंवा त्यावरची फाईल पेनड्राइव्हवर द्या. माणूस सोनीच्या साइटवर जातो, ओरिजिनल उतरवतो, देतो, आणि संपलं जेलब्रेक. तिथे सीएफडब्ल्यूचीच फाईल द्यायची असते, हेनवर असशील तर एचएफडब्ल्यूची (सोनीचंच फर्मवेअर, थोडं बदललेलं). म्हणजे एसएसडी टाकायचा विचार असेल तर फाईल आधी हातात ठेव.

ब्लू-रे ड्राइव्ह चालतोय का तेही बघ, म्हणजे नुसती डिस्क आत घेतो का एवढंच नाही, त्याचं सर्किट जिवंत आहे का. अपडेट ब्लू-रे ड्राइव्हलाही हात लावतं, आणि ड्राइव्हचा बोर्ड मेलेला असेल किंवा दुसऱ्या मशीनचा आणून लावलेला असेल तर अपडेट मध्येच अडकून मशीन रिकव्हरीतच फिरत बसते. सेकंडहँडमध्ये हे खूप दिसतं, कारण ड्राइव्ह बदलून विकलेले असतात. अशा मशीनसाठी एव्हिलनॅट सीएफडब्ल्यूमध्ये वेगळी नो-बीडी आवृत्ती मिळते, ब्लूटूथ मेलं असेल तर नो-बीटी. पण हे सीएफडब्ल्यूवाल्यांचं सुख, हेनवाल्याचा ड्राइव्ह मेला असेल तर त्याने अपडेटच्या वाटेला न गेलेलंच बरं.

आणि लाइट. नाशिकला असशील नाहीतर नांदेडला, अपडेट चालू असताना लाइट गेली तर फ्लॅश अर्धवट लिहिला जाऊ शकतो. स्लिमला शंभर वॅटच्या आसपासच लागतात, त्यामुळे पीसीचा साधा ६०० व्हीएचा यूपीएस भरपूर झाला. तो नसेल तर इन्व्हर्टरच्या लाइनवर लाव. पावसाळ्यात गडगडत असताना करू नको एवढं तरी ऐक.

फाईल कुठून घ्यायची. ज्या टीमने बनवली तिच्याच पानावरून, आणि तिथे एमडी५ (फाईल तपासायचा कोड) दिलेला असतो तो जुळवायचा, विंडोजमध्ये सर्टयुटिल कमांडने दोन सेकंदांत निघतो. व्हिडिओखालच्या लिंकवरून, तीन जाहिराती ओलांडून, पासवर्डवाली झिप, त्यात "लेटेस्ट जेलब्रेक" नावाची फाईल, हे प्रकार नको. फर्मवेअरची फाईल साधारण २०० एमबीची असते, २० एमबीची कोणी दिली तर ते काहीतरी भलतंच आहे.

पेनड्राइव्ह फॅट३२ हवा, एक्सफॅट नाही, एनटीएफएस तर नाहीच. मोठा पेनड्राइव्ह असेल तर विंडोज सरळ फॅट३२ करू देत नाही, जुना ४ किंवा ८ जीबीचा शोध, घरात एखादा असतोच. त्यावर इंग्रजी कॅपिटल अक्षरांत पीएस३ नावाचा फोल्डर, त्यात अपडेट नावाचा फोल्डर, तोही कॅपिटलमध्ये, आणि त्यात ती फाईल. फाईलचं नाव नीट बघ, पीएस३ ला चिकटून यूपीडीएटी, पुढे डॉट पीयूपी. शेवटी ई नाहीये. लोक आपल्या मनाने ई लावतात आणि मग "अपडेट डेटा सापडला नाही" येतं म्हणून रडतात. विंडोज एक्स्टेंशन लपवत असेल तर डॉट पीयूपी दोनदा पण लागलेलं असू शकतं, ते तपास.

तुझी मशीन सीएफडब्ल्यू निघाली तर. आधी जुन्या सीएफडब्ल्यूच्या टूलबॉक्समध्ये जाऊन क्यूए फ्लॅग चालू कर. याचा फायदा असा की नवं काही आवडलं नाही तर खालच्या व्हर्जनला परत येता येतं, नाहीतर मशीन खाली जाऊच देत नाही. मशीन डीईएक्समध्ये बदललेली असेल, म्हणजे डेव्हलपरवाला डिबग मेनू वगैरे दिसत असेल, तर आधी तिला साध्या सीईएक्सला परत आणायचं, तसंच वर साधं फर्मवेअर मारायचं नाही. वेबमॅन अनइन्स्टॉल कर, बाकी जे प्लगइन बूटला चालू होतात ते बंद कर, कारण जुनं प्लगइन नव्या फर्मवेअरवर चालू झालं की काळ्या स्क्रीनवर मशीन अडकते आणि माणसाला वाटतं ब्रिक झाली. थीम, आयकॉन, बूटचं चित्र बदललं असेल तर ते अपडेटमध्ये जाणारच, त्याचं दुःख नको. मग सेटिंग, सिस्टीम अपडेट, स्टोरेज मीडिया. व्हर्जनचा आकडा दाखवेल, तो तू उतरवलेल्याशी जुळतोय ना बघ, आणि हो म्हण. मशीन एकदोनदा आपोआप रीस्टार्ट होईल, हात लावू नको. टक्के एका जागी अडकलेत असं वाटलं तरी बटण दाबू नको, चहा करून ये. बस, सीएफडब्ल्यूवरून सीएफडब्ल्यू म्हणजे एवढंच.

आणि अशा मशीनवर चुकून सोनीचं ओरिजिनल बसलं तर? घाबरू नको. यातच तुझा मित्र बरोबर आहे. त्याच आकड्याचं किंवा त्यावरचं एचएफडब्ल्यू टाकायचं, मग टूलसेटने फ्लॅशमधला ठराविक भाग पॅच करायचा, मग परत सीएफडब्ल्यू. फक्त नवीन ओरिजिनल आल्या आल्या एचएफडब्ल्यू तयार नसतं, थोडे आठवडे थांबावं लागतं. टूलसेट चालवताना मशीन नुकतीच चालू केलेली असावी, ब्राउझरमध्ये दुसरं काही उघडलेलं नको, होमपेज कोरं ठेव, कारण पीएस३ च्या ब्राउझरला मेमरी अगदीच तुटपुंजी आहे आणि ती भरली की तो गोठतो.

हेन निघालं तर विकणारा बरोबर, निदान अर्धा. इथे सगळं ब्राउझरच्या भोकावर चालतं आणि सोनीने नव्या व्हर्जनमध्ये ते बुजवलेलं असतं. म्हणून एचएफडब्ल्यू असतं, म्हणजे सोनीचंच फर्मवेअर पण त्यात ब्राउझरचा जुना, भोकवाला भाग परत बसवलेला. आणि हेनवाल्या मशीनवर खाली उतरणं नाही. ओरिजिनल ४.९२ वर गेलास की ४.८४ च्या एचएफडब्ल्यूला परत येता येणार नाही, ४.९२ चंच एचएफडब्ल्यू लागेल. म्हणून क्रम असा की आधी बघायचं त्या आकड्याचं एचएफडब्ल्यू आणि त्याला चालणारं हेन, दोन्ही बाहेर आलंय का, एकच आलं असेल तर थांब. आलं असेल तर एचएफडब्ल्यू पेनड्राइव्हवर घालून, मी तरी रिकव्हरी मोडमधूनच करतो, मग ब्राउझरमधून हेन नव्याने इन्स्टॉल. पहिल्या काही वेळा "एनेबल हेन" दाबल्यावर मशीन गोठेल, रीस्टार्ट होईल, ते नॉर्मल आहे, परत दाब.

रिकव्हरी मोडचं सांगून ठेवतो कारण काहीही अडकलं तरी तिथूनच बाहेर येता येतं. मशीन लाल दिव्यावर असताना पॉवर दाबून धर, चालू होईल आणि परत बंद होईल, तोपर्यंत सोडू नको. मग सोड. परत दाबून धर, एक बीप, थोड्या वेळाने दुसरी, मग पटकन दोन बीप आल्या की सोड. कंट्रोलर वायरने जोड आणि पीएस बटण दाब. वायर डेटावाली हवी, मोबाइलच्या स्वस्त चार्जिंगच्या वायरीत डेटाच्या तारा नसतात आणि डुप्लिकेट कंट्रोलर तर बऱ्याचदा इथे ओळखलेच जात नाहीत. यादीत सहावा पर्याय सिस्टीम अपडेट. पाचवा "रिस्टोअर पीएस३ सिस्टीम", त्याने डिस्क पूर्ण साफ होते, सेव्ह, गेम, सगळं. दोन्ही एकाखाली एक आहेत आणि घाईत बोट घसरतं, तेव्हा नीट वाचून दाब. नुसतं हळू चालतंय, आयकॉन गायब झालेत असं असेल तर चौथा, रिबिल्ड डेटाबेस, त्याने गेम जात नाहीत.

कायद्याचं एका वाक्यात, कारण कोणीतरी विचारतंच. आपल्याकडे कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने ६५ए कलम आलं, त्यात हक्कभंगाच्या उद्देशाने लॉक तोडणं हा गुन्हा आहे, म्हणजे स्वतःच्या डिस्कचा बॅकअप घेऊन मरत चाललेल्या ड्राइव्हला विश्रांती देणं आणि दोन टीबी भरून उतरवलेले गेम विकणं यात फरक आहे. विकणाऱ्याने डिस्कमध्ये भरून दिलेल्या गेमांबद्दल मी काही मदत करत नाही, तेवढं सोडून बाकी काहीही विचार.

तर तुझ्यासाठी, २५०१ए, ४.८४, गेम सगळे चालतायत: पीएसएनचा हट्ट सोडलास तर अपडेट करायची काही गरज नाही. या रविवारी फक्त मिनिमम व्हर्जन चेकर चालव आणि फ्लॅशचा डंप काढून ठेव, ते अपडेट न करताही कामाचंच आहे. चेकरने ३.५६ किंवा खाली दाखवलं आणि मशीनवर सध्या हेन असेल, तर मात्र मी सांगेन की वेळ काढून सीएफडब्ल्यूवर जा, दर वेळी हेन दाबायची कटकट जाईल आणि पुढे चुकून काही झालं तरी परतीची वाट राहील.

अपडेट केलंस तर त्याच दिवशी वेबमॅन परत टाकून फॅनचं सेटिंग लाव. वेबमॅन काढल्यावर फॅन सोनीच्या मूळ सेटिंगवर जातो, तो शांत असतो पण मशीन तापू देतो, आणि या वयाच्या मशीनमधली चिपवरची थर्मल पेस्ट वाळलेली असते. टार्गेट ६८ डिग्रीच्या आसपास ठेव, एक जड गेम अर्धा तास चालवून बघ, फॅन सतत बोंबलत असेल तर पेस्ट बदलायला आलीय.